कळसू, चुटकी आणि आपल्या पोरी



आजचा विषय आम्हाला गटाच्या बैठकीत सापडला. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, चहा आला आणि नेहमीसारख्या गप्पा निघाल्या. आमच्यातली एकजण म्हणाली, "काल माझी पोरगी सायकल घेऊन बांधावरून खाली आली आणि आपटली. गुडघा फुटला. मोबाईलवर कार्टूनमध्ये बघितलं म्हणे. भावाच्या मागं मागं करत होती. मी दोन रट्टे दिले."

दुसरीनं विचारलं, "आणि भाऊ?"

"तो पण आपटला."

"मग त्याला किती रट्टे दिले?"

ती जरा थांबली आणि म्हणाली, "त्याला हळद लावली."

आम्ही सगळ्या हसलो, आणि मग एकदम गप्प झालो. कारण तिच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही तेच केलं असतं. मुलगा पडला की आपण म्हणतो, पडल्याशिवाय सायकल येत नाही. मुलगी पडली की म्हणतो, तोंडाला खूण राहिली तर उद्या कोण करून घेणार हिला? पडणं एकच, पण हळद एकाला आणि रट्टे दुसरीला.

त्या दिवशी आम्ही ठरवलं की हे कुठून आलं ते जरा मागं जाऊन बघायचं. कार्टूनमधून आलं, की आपल्याकडून कार्टूनमध्ये गेलं?

लाडू कोण वळतं, उडी कोण मारतं

आम्ही चार-पाच जणी पोरांसोबत बसून कार्टून बघायला लागलो. आधी पोरांनाच नवल वाटलं. मग तीच आम्हाला समजावून सांगायला लागली.

छोटा भीम तुमच्याही घरात असेल. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीनं काढलेली ही मालिका 2008 साली पोगो वाहिनीवर सुरू झाली. ढोलकपूर नावाचं गाव, तिथला ताकदवान भीम, त्याचे मित्र राजू आणि जग्गू माकड, त्याच्यावर जळणारा कालिया. आणि चुटकी. चुटकीची आई टुनटुन मावशी लाडवाचं दुकान चालवते. भीमाला लाडू मिळाला की त्याच्या अंगात बळ येतं. आता हा लाडू बहुतेक वेळा कोणाच्या हातून येतो, ते तुमच्या पोरांना विचारा. चुटकी हुशार आहे, वेळ आली की धाडसही करते. पण दरीवरून उडी, कुस्तीचा डाव, राक्षसाशी झुंज असं काही आलं की आपली नजर भीमावर असते. शिवा नावाच्या दुसऱ्या कार्टूनमध्ये एक लहान मुलगा भन्नाट सायकलवरून गावभर चोर पकडत फिरतो. आपल्या मराठीतही भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सायकलवरूनच संकटात शिरतो आणि बाहेर येतो. ही सगळी पोरं आम्हालाही आवडतात. पण सायकलवर बसलेली पोर कुठं आहे, हे आम्ही आजवर विचारलंच नव्हतं.

एक गंमत सांगतो. 2020 च्या जून महिन्यात सोशल मीडियावर मोठा गोंधळ झाला. भीमानं चुटकीला सोडून राजकन्या इंदुमतीशी लग्न केलं, अशी आवई उठली. चुटकीला न्याय द्या म्हणून मोठी माणसं भांडायला लागली. शेवटी कंपनीला सांगावं लागलं की बाबांनो, ही अजून लहान मुलं आहेत, कोणाचंही लग्न झालेलं नाही. बघा मैत्रिणींनो, बारा वर्षं ती मुलगी पडद्यावर होती. तिला डोंगर चढू द्या, तिला कुस्ती खेळू द्या म्हणून असा गलका कधी झाला नाही. गलका झाला तो लग्नावरून. चित्रातल्या पोरीलाही आपण लग्नातून सोडलं नाही.

उलट बोलणाऱ्या पोरी

पण सगळीच कार्टून अशी नाहीत. आमच्यातल्या काही जणींना मीना आठवत असेल. आंगणवाडीत, शाळेत तिची चित्रांची पुस्तकं यायची. युनिसेफनं दक्षिण आशियातल्या मुलींसाठी 1990 नंतरच्या काळात ही मीना तयार केली. तिला रूप देण्यात मुंबईच्या राम मोहन यांचा मोठा हात होता. भारतातल्या चलचित्रांचे ते जाणते कलाकार. मीना नऊ वर्षांची, तिचा भाऊ राजू आणि पोपट मिठू. एका गोष्टीत मीनाला शाळेत पाठवत नाहीत, तर ती पोपटाला वर्गात पाठवते आणि तो शिकून आला की त्याच्याकडून आकडे शिकते. त्या आकड्यांनी ती कोंबड्या मोजते आणि चोर सापडतो. दुसऱ्या गोष्टीत आंब्याची मोठी फोड राजूला मिळते. मग दोघं एक दिवस कामांची अदलाबदल करतात. संध्याकाळपर्यंत राजू दमून जातो आणि मीनाचं काम किती असतं ते त्याला कळतं.

मीना डोंगरावरून उड्या मारत नव्हती. पण "हे मला का नाही?" हा प्रश्न तिनं लाखो घरांत नेला. आणि पुढचे सगळे प्रश्न त्याच प्रश्नातून फुटतात.

तिकडं अमेरिकेत 1999 साली रॉकेट पॉवर नावाचं कार्टून आलं. समुद्रकाठच्या गावातली चार मुलं. चाकाच्या फळीवर घसरायचं, लाटेवर फळी टाकून उभं राहायचं, सायकलच्या कोलांट्या मारायच्या, हेच त्यांचं जग. त्या चौघांत रेजी नावाची एकच मुलगी. ती काठावर उभी राहून "सांभाळून रे" असं ओरडत नाही, ती लाटेवर असते. मुलगी म्हणून मागं राहणं तिला मान्य नसतं. शिवाय ती स्वतःचं छोटं मासिक काढते. आम्हाला हे फार आवडलं. खेळते पण तीच आणि खेळाबद्दल लिहिते पण तीच!

आपल्या जिल्ह्यातली कळसू

आता कोणी म्हणेल, ही अमेरिकेची थेरं, आपल्याकडं असलं नव्हतं. म्हणून आपल्याच जिल्ह्यात येऊ.

अकोले तालुक्यात कळसूबाईचं शिखर आहे. उंची 1646 मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच. बारी गावातून वाट चढते आणि अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या लावल्या आहेत. नवरात्रात बाया-बापड्या, लेकुरवाळ्या, म्हाताऱ्या सगळ्या चढतात. ज्या बाईला घरात कोणी म्हणतं की तुला जमणार नाही, ती बाई डोक्यावर पदर घेऊन, हातात पूजेचं ताट धरून ते शिखर चढून येते. पण त्याला कोणी साहस म्हणत नाही. त्याला दर्शन म्हणतात.

आणि ही कळसू कोण? इंग्रजांच्या काळच्या गॅझेटियरमध्येही तिची गोष्ट लिहून ठेवली आहे. कळसू कोळ्याची पोर. तिला रानात हिंडायची आवड. पायथ्याच्या इंदोरे गावात ती एका कोळ्याच्या घरी कामाला राहिली, पण अट घालून. भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. काही दिवस नीट गेले. एकदा पाहुणे आले आणि घरातल्या कोणीतरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला लावलं. तिनं सांगितलं तेवढं काम केलं आणि सरळ डोंगर चढून गेली. मरेपर्यंत वरच राहिली. जिथं तिनं भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात.

मैत्रिणींनो, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण तिच्यातली अट आपण कधी ऐकली का? एका पोरीनं सांगितलं की मी हे करणार नाही. तिचा शब्द मोडला, तर ती राज्यातल्या सगळ्यात उंच जागी जाऊन बसली. आपण तिची देवी केली, नवस बोललो, पण आपल्या पोरीनं भांड्यांवरून तोंड उघडलं तर तिला उद्धट म्हणतो.

दुसरी बाई चांदबीबी. हुसेन निजामशहाची मुलगी, विजापूरच्या आदिलशाही घराण्यात दिलेली. 1595-96 मध्ये मोगलांनी नगरच्या किल्ल्याला वेढा घातला, सुरुंगानं तट पाडला, तेव्हा तिनं किल्ला लढवला आणि पडलेला तट रातोरात उभा करून घेतला. जुन्या चित्रकारांनी तिची चित्रं काढली, ती कशी? घोड्यावर बसलेली आणि हातावर ससाणा घेऊन शिकारीला निघालेली. म्हणजे दख्खनच्या चित्रात दोन-अडीचशे वर्षांपूर्वी घोडा दौडवणारी बाई होती. नगरजवळच्या डोंगरावर जो चांदबीबी महाल म्हणतात, ती खरं तर सलाबतखानाची कबर. पण लोकांनी नाव दिलं ते चांदबीबीचं. लोकांच्या मनात कोण राहिलं, ते बघा.

मग "बाईचं काम नव्हे" हे कुठून आलं?

हमीदा बानोची गोष्ट ऐका. ती उत्तर भारतातली पहिलवान. 1954 साली ती बडोद्याला कुस्ती खेळली आणि बाबा पहिलवानाला तिनं 1 मिनिट 34 सेकंदांत हरवलं. पुरुषांना ती उघड आव्हान द्यायची. महाराष्ट्रातही ती आली. कोल्हापुरात तिनं एका पहिलवानाला हरवलं, तर लोकांनी तिची हुर्यो उडवली, दगड मारले. पुण्यात तिची कुस्ती ठरली होती, ती विरोधामुळं रद्द झाली. हरली असती तर लोक हसून घरी गेले असते. जिंकली म्हणून दगड पडले.

पुढं तिला युरोपात खेळायला जायचं होतं. तिला तयार करणाऱ्या पहिलवानानंच ते अडवण्यासाठी तिला हातपाय मोडेपर्यंत मारलं, असं तिच्या घरच्यांनी नंतर सांगितलं. उतारवयात ती कल्याणला राहिली आणि दूध विकून पोट भरलं. ही गोष्ट सांगताना आमच्यातल्या दोघी-तिघींनी डोळे पुसले. मार खाऊन घरात बसलेली बाई सगळ्यांनी पाहिलेली असते.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. बर्फाच्या उंच घसरगुंडीवरून हवेत लांब उडी मारायचा एक खेळ आहे. पुरुषांसाठी तो 1924 पासून हिवाळी ऑलिंपिकमध्ये आहे. बायकांना तो 2014 साली मिळाला, म्हणजे 90 वर्षांनी. मधल्या काळात कारण काय दिलं? 2005 साली त्या खेळाच्या जागतिक संघटनेचा प्रमुखच म्हणाला की वैद्यकीय दृष्टीनं हे बायकांना योग्य दिसत नाही. 2009 मध्ये खेळाडू बायका कॅनडातल्या कोर्टात गेल्या. न्यायाधीशांनी मान्य केलं की हा भेदभाव आहे, पण तो दूर करायचा अधिकार आमच्याकडं नाही असं सांगितलं. तरी त्या थांबल्या नाहीत. पाच वर्षांनी त्या ऑलिंपिकमध्ये उतरल्या.

हे वैद्यकीय कारण आपण चांगलं ओळखतो. मुलगी पळाली, उड्या मारल्या, सायकल चालवली की तिचं अंग बाहेर येईल, तिला पोर होणार नाही, ती खराब होईल, असं आपल्या आज्या सांगायच्या. खरं काय आहे? अंग बाहेर येतं ते लागोपाठच्या बाळंतपणांनी, अवघड बाळंतपणानं, बाळंत झाल्यावर लगेच जड उचलल्यानं, वर्षानुवर्षं ओझी वाहिल्यानं. पोरवयात खेळल्यानं नाही. खेळानं हाडं आणि स्नायू बळकट होतात.

आता आपल्या पाथर्डीच्या, शेजारच्या बीडच्या बायांकडं बघा. कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. रात्री-अपरात्री गाडी भरायची वेळ येते. डोक्यावर उसाची मोळी, पायाखाली लवणारी फळी, खाली अंधार, आणि ती बाई तोल सांभाळत वर चढते. कधी पोटुशी असतानाही चढते. तिथं कोणी म्हणत नाही की हे बाईच्या अंगाला बरं नाही. टीव्हीवर कोणी दोरीवरून चाललं तर आपण टाळ्या वाजवतो. त्या फळीवर टाळी नाही, हेल्मेट नाही.

म्हणजे बाईचं अंग नाजूक आहे ही अडचण नव्हती. ज्यात दुसऱ्याचा फायदा त्या कामाला तिचं अंग चालतं. ज्यात तिचा स्वतःचा आनंद, तिथं मात्र डॉक्टर, देव आणि लग्न आडवे येतात.

वाट निघते आहे

तरी वाट निघते आहे. पुरुषांची महाराष्ट्र केसरी कुस्ती 1961 पासून होते. बायकांची महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली 2023 च्या मार्चमध्ये, सांगलीला. मध्ये 62 वर्षं गेली. पहिली गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं उचलली. आणि 2025 साली वर्ध्याजवळच्या देवळीला ही गदा कोणाच्या खांद्यावर आली? आपल्या श्रीगोंद्याच्या भाग्यश्री फंडच्या! ज्या राज्यात कुस्ती जिंकली म्हणून हमीदा बानोवर दगड पडले, तिथंच सत्तर वर्षांनी आपल्या जिल्ह्याच्या पोरीला फेटा बांधला गेला.

पुण्याच्या शीतल महाजनचंही नाव सांगतो. 2004 साली तिनं हेलिकॉप्टरमधून पहिली उडी मारली ती थेट उत्तर ध्रुवावर. पुढं तिला पद्मश्री मिळाली. 2018 साली थायलंडमध्ये तिनं नऊवारी नेसून आकाशातून उडी मारली. हे ऐकून आमच्या गटातल्या सगळ्यात थोरल्या आक्का म्हणाल्या, "आम्हाला म्हणायचे, लुगड्यात काय पळतेस! बघा, लुगड्यात विमानातून उतरली." कोल्हापूरची कस्तुरी सावेकर 2022 साली एव्हरेस्टवर पोहोचली. तिचं पहिलं शिखर कोणतं ते आम्हाला माहीत नाही, पण आपल्या पोरींचं पहिलं शिखर आपल्या तालुक्याशेजारीच उभं आहे.

पण उडी मारू द्यायची का?

बैठकीत एकीनं रास्त प्रश्न विचारला, "उद्या पोरीनं कार्टून बघून गच्चीवरून उडी मारली तर?" तिचं बरोबर आहे. कार्टूनमधला भीम दरीत पडतो आणि पुढच्या क्षणी उभा राहतो. आपलं लेकरू राहत नाही. लहान मुलांना हा फरक कळत नाही, तो त्यांच्यासोबत बसून सांगावा लागतो. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही. नगरपालिकेच्या रस्त्यावर, विहिरीच्या काठावर, विजेच्या खांबावर मस्ती नको, हे दोघांना सारखंच.

पण शीतलनं नऊवारीवर हेल्मेट, डोळ्यांवर चष्मा आणि पाठीवर पॅराशूट बांधलं होतं. त्याआधी शिक्षण घेतलं होतं. कळसूबाईच्या कड्यावर शिडी आहे म्हणून म्हातारी बाईही वर जाते. पोरीला सुरक्षित ठेवायचं म्हणजे तिला शिडी द्यायची. तिला खाली बसवून ठेवणं ही सुरक्षा नव्हे. मऊ मातीत पडायला शिकवा, सायकलचे ब्रेक बघायला शिकवा, पोहायला शिकवा. जी पोर कधी पडलीच नाही तिला पडल्यावर उठता येत नाही. पुढच्या आयुष्यात उठायचे प्रसंग तिला कमी येणार नाहीत, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

आमच्या त्या मैत्रिणीनं पुढच्या बैठकीत सांगितलं, "पोरीच्या गुडघ्याला हळद लावली. म्हटलं, कशी पडलीस ते दाखव. तर तिनं पुन्हा करून दाखवलं, आणि या वेळी पडली नाही."

आमच्या गटानं मग तीन गोष्टी ठरवल्या. तुम्हीही तुमच्या गटात बोलून बघा.

पहिली: आठवड्यातून एकदा पोरांसोबत बसून कार्टून बघायचं आणि विचारायचं, यात मुलगी काय करते? तुला गोष्ट लिहायला दिली तर तू तिला काय करायला लावशील?

दुसरी: घरात एक सायकल असेल तर तिच्यावर दोघांचा वार ठरवायचा. आणि ज्या दिवशी मुलीचा वार, त्या दिवशी घरची भांडी मुलानं घासायची. कळसूच्या नावानं.

तिसरी: येत्या नवरात्रात गटातल्या सगळ्यांनी पोरींना घेऊन कळसूबाईला जायचं. नेहमीसारखी ओटी भरू, नारळ फोडू. पण वर पोहोचल्यावर पोरींना कळसूची पूर्ण गोष्ट सांगू, तिच्या अटीसकट.

तोवर तुमच्या गावातली एखादी अशी पोर, एखादी अशी म्हातारी आठवत असेल, जी झाडावर चढायची, विहिरीत सूर मारायची, घोडी पळवायची, तर तिची गोष्ट आम्हाला कळवा. पुढच्या वेळी तिचं नाव घेऊन सांगू.

पुन्हा भेटू, मैत्रिणींनो. नमस्कार.